दुकटं

तिच्या घरात ताट एकच. काटा एक, सुरी एक. जेवायला कुणीतरी येणार म्हणून ती दुकानात जाते आणि दुसरं ताट विकत घेते, त्याच्या जोडीला आणखी एक काटा, आणखी एक सुरी. घरी येऊन मांडते. तो येतो, जेवण होतं, आणि मग दारूवरून बिनसतं. तिचे वडील दारूनं गेलेले, भाऊही. ती सरळ सांगते, तो उठून निघून जातो. ती रडत नाही. नवं ताट उचलते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. घरात पुन्हा एकच ताट.

हेलसिंकीतल्या एका सुपरमार्केटात काम करणाऱ्या अन्साची ही गोष्ट आकी काउरिस्मॅकीनं २०२३ साली केली. सिनेमाचं फिनिश नाव ‘कुओल्लेत लेहदेत’, म्हणजे शब्दशः मेलेली पानं. आपण गळलेली म्हणू, वाळलेली म्हणू. मेलेली म्हणायला जीभ कचरते. फिनिश माणसाची कचरत नाही. तिथं पान झाडावरून सुटलं की ते मेलं, एवढं साधं आहे. कान महोत्सवात या सिनेमाला ज्यूरी पारितोषिक मिळालं, पण मला त्यातलं आठवतं ते ताट. मी तो एकट्यानं पाहिला. मागल्या पावसाळ्यापासून मी सगळेच सिनेमे एकट्यानं पाहतो.

आधी तसं नव्हतं. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघं जायचो. तो बँकेत होता, सिनेमातलं त्याला फारसं कळत नसे आणि त्याचा त्याला अभिमान होता. पहिली दहा मिनिटं तो हमखास चुकवायचा. मी शेजारच्या खुर्चीवर शबनम ठेवून जागा धरायचो, अंधारात कुणी विचारलंच तर ‘येतोय’ म्हणायचो. फिनलंडचे सिनेमे त्याला का कोण जाणे आवडायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा बाहेर चहा पिताना म्हणाला होता, “अरे, ह्या लोकांना शब्दावर जीएसटी लागतो काय?” पुढच्या वेळी मात्र वेळेवर आला.

फिनिश भाषेत ‘युक्सिन’ म्हणजे एकटं. ‘युक्सी’ म्हणजे एक, त्यावरून. आणि ‘काक्सी’ म्हणजे दोन, त्यावरून ‘काक्सिन’. दोघंच असणं. बाकी जग बाजूला सारून दोघांनी मिळून एकटं असणं. याला इंग्रजीत एक शब्द सापडणार नाही, आपल्याकडे मात्र अगदी तोच साचा आहे : एकटं आणि दुकटं. फक्त आपण दुकट्याला कधी सुटं सोडत नाही. ‘एकट्यादुकट्यानं रानात जाऊ नये’ म्हणतो. ‘आम्ही दुकटे बसलो होतो’ असं कुणी म्हणत नाही. मराठीत दुकटं हे एकट्याच्या बोटाला धरूनच चालतं. फिनलंडच्या छोट्या सिनेमांची मी जी काही पाहणी केली, ती सगळी याच दोन शब्दांच्या मधल्या वाटेवरची आहे. कुणीतरी युक्सिनकडून काक्सिनकडे निघालेलं असतं. अंतर चार पावलांचं असतं आणि वाटेत बर्फ असतो.

बर्फाचं फार कौतुक करू नये म्हणा. आपल्याला ते दिसतं, त्यांना ते उपसावं लागतं.

आणि ती माणसं बोलतच नाहीत हेही खरं नाही. कुठं बोलायचं याची त्यांची जागा ठरलेली असते, एवढंच. २०१०मध्ये योनास बेर्गहॅल आणि मिका होताकाइनेन या दोघांनी ‘मिएस्तेन वुओरो’ नावाचा माहितीपट केला. सार्वजनिक सौनाच्या दारावर बायकांची वेळ, पुरुषांची वेळ अशी पाटी असते. तीच ही ‘पुरुषांची वेळ’. सुमारे पंचावन्न लाखांच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत म्हणतात. या माहितीपटात तर कुणी टेलिफोनच्या खोक्यात सौना केला आहे, कुणी मळणीयंत्रात. तापल्या दगडांवर पाणी पडतं, चर्र होतं, वाफ उठते. त्या वाफेत उघडीवाघडी, पोट सुटलेली, पन्नाशी-साठीतली माणसं हळूहळू बोलू लागतात. कुणाचं मूल गेलेलं असतं. कुणाला लेकीला भेटू देत नाहीत. एक बोलतो, दुसरा ऐकतो आणि दगडावर आणखी एक पळी पाणी टाकतो. त्या सबंध सिनेमात सांत्वन म्हणून जे काही आहे ते त्या पाण्याच्या आवाजात आहे. घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, हे कॅमेऱ्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. फिनलंडनं त्या वर्षी ऑस्करसाठी हाच सिनेमा पाठवला. माझा मित्र तो पाहून बाहेर आला आणि चहा न घेताच घरी गेला. त्याच्याही घरी काहीतरी होतं. त्यानं मला ते कधी सांगितलं नाही आणि मी पळीभर पाणी टाकायला चुकलो.

सिनेमाला फिनिश शब्द आहे ‘एलोकुवा’. ‘एलो’ म्हणजे जीवन, ‘कुवा’ म्हणजे चित्र. आपण पटावर थांबलो, हे लोक थेट जिवापर्यंत गेले. हेलसिंकीजवळच्या आल्तो विद्यापीठातल्या फिल्म स्कूललाही एलोच म्हणतात. तिथली मुलं आपल्या पदविकेसाठी, परीक्षेसाठी, कधी नुसत्या हट्टापायी छोट्या फिल्म्स करतात. दर मार्चमध्ये तांपेरे या जुन्या कापडगिरण्यांच्या गावात लघुपटांचा महोत्सव भरतो, १९७० पासून. तेव्हा नदीकाठी अजून बर्फ असतो. मुलं आपापल्या फिल्म घेऊन येतात. पंधरा मिनिटं दिवे मालवतात, पंधरा मिनिटं एखादी मुलगी पडद्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून फोनकडे पाहते, मग दिवे लागतात. त्यातल्या बहुतेक फिल्मचं आयुष्य तेवढंच. श्रेयनामावलीत शेवटी आईबाबांचे आभार असतात, गाडी दिल्याबद्दल कुणा काकाचे असतात, आणि एक नाव नुसतंच असतं, कशाबद्दल ते न लिहिता. फिल्म पुरी होईपर्यंत ते माणूस आयुष्यात असतंच असं नाही. विद्यार्थ्यांच्या फिल्ममधलं मला सगळ्यात हलवणारं काही असेल तर ते हे कारण न दिलेलं नाव.

त्या तांपेरेत एक पारितोषिक रिस्तो यार्वाच्या नावानं दिलं जातं. यार्वा मूळचा रसायन अभियांत्रिकीचा विद्यार्थी. पॉलिटेक्निकमधल्या पोरांच्या ‘मोन्तासी’ नावाच्या फिल्म क्लबात तो सिनेमा शिकला, म्हणजे शाळेबाहेर, मित्रांत. १९६७च्या ‘कामगाराची डायरी’त त्यानं एक वेल्डर आणि ऑफिसात काम करणारी एक मध्यमवर्गीय मुलगी यांचं लग्न दाखवलं, दोघांचं प्रेम आहे, पण दोघांच्या मागं दोन वेगवेगळे इतिहास जेवायला बसतात. दहा वर्षांनी त्यानं ‘सशाचं वर्ष’ केला. शहर, नोकरी, बायको सोडून एका जखमी सशाच्या मागं रानात निघून जाणारा माणूस. डिसेंबर १९७७. सिनेमा पहिल्यांदा लोकांना दाखवून झाला, त्या रात्री परतताना मोटार अपघातात यार्वा गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. प्रेक्षक हसत घरी पोचले असतील आणि ज्यानं हसवलं तो पोचला नाही, हे मी कधी विसरू शकलेलो नाही.

पुढं त्याच्याच नावाचं पारितोषिक ‘वालेहतेलिया’ला, म्हणजे ‘खोटारडा’ला मिळालं. मिका काउरिस्मॅकी म्युनिकला सिनेमा शिकत होता. १९८१ची ही त्याची तिथल्या पदवीची फिल्म. लिहिली धाकट्या भावानं, आकीनं, आणि मुख्य कामही त्यानंच केलं. आकीला फिल्म स्कूलनं घेतलं नव्हतं. त्यानं पोस्टमनकी केली होती, हॉटेलात भांडी विसळली होती. ‘खोटारडा’तला विले आल्फा हेलसिंकीच्या रस्त्यांवर हिंडतो, मित्रांकडून उसने पैसे घेतो, लेखक असल्याची बतावणी करतो आणि एका मुलीपाशी पहिल्यांदाच खोटं सुचेनासं होतं. कृष्णधवल, तासाभराच्या आतली फिल्म. तिच्यात एका छोट्या कामात एक उदास डोळ्यांचा, झुपकेदार मिशीचा नट आहे. मात्ती पेल्लोनपॅ.

पुढच्या चौदा वर्षांत आकीच्या सिनेमात एकटा माणूस म्हटला की तो मात्तीच्या चेहऱ्याचा असे. ‘स्वर्गातल्या सावल्या’त तो कचरागाडीवर काम करतो आणि सुपरमार्केटातल्या काउंटरवरच्या बाईच्या प्रेमात पडतो. ती बाई काती औतिनेन. दोघांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही, आणि तरी कळतं. मग आकीनं एक गोष्ट लिहायला घेतली, एका रेस्तराँच्या मुख्य वाढप्याची, खास मात्तीसाठी. जुलै १९९५मध्ये मात्तीचं हृदय थांबलं. वय चव्वेचाळीस.

आकीनं कथा फाडली नाही. वाढप्याची त्यानं बाई केली आणि ते काम कातीला दिलं. १९९६चा ‘काउआस पिल्वेत कार्कावात’, दूर पळणारे ढग. नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या जातात, घरातल्या वस्तू हप्त्यांच्या दुकानदाराकडे परत जातात, आणि कपाटावर एका लहान मुलाचा फोटो असतो. त्यांचं गेलेलं मूल. कुणी काही बोलत नाही. काती एकदा नुसती त्या फोटोकडे पाहत बसते. तो फोटो मात्ती पेल्लोनपॅचा आहे, त्याच्या लहानपणचा.

ज्याच्यासाठी ही भूमिका होती, त्याच्या जागी उभी राहून ती त्याच्याकडेच पाहते आहे. ज्या बाईवर त्यानं पडद्यावर प्रेम केलं, तिचंच तो मूल झाला आहे. शोक करायची याहून निराळी रीत मी कुठल्या भाषेतल्या साहित्यात पाहिलेली नाही. कुणी सांगितलं नसतं तर प्रेक्षकाला तो कुठलाही मुलगा वाटला असता. सांगितल्यावर मात्र त्या कपाटावरून नजर हटत नाही. हे मला माझ्या मित्रानं सांगितलं होतं, कुठंतरी वाचून, सिनेमा चालू असताना कानाशी कुजबुजून. सिनेमात बोलायचं नाही असा आमचा नियम त्यानं तेवढ्या एकदाच मोडला.

सगळं काही असं काळजाला हात घालणारंच असतं असं समजू नका. येन्नी तोइवोनिएमीच्या ‘त्रेफित’मध्ये, ‘भेट’मध्ये, सोळा वर्षांच्या पोरावर घरच्या बोक्याचं स्थळ जमवायची वेळ येते. दोन बायका आपली मांजर घेऊन आलेल्या, आई घरात नाही, आणि पलीकडे जे चाललं आहे त्याचे आवाज ऐकत तो पोरगा त्या दोघींसमोर बसलेला. सात मिनिटांची फिल्म, २०१२ची. सेल्मा विल्हुनेनची ‘सगळं मीच बघायचं का?’ ही फिल्मही सात मिनिटांचीच, आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. लग्नाला जायला उशीर झालेलं घर आणि धावणारी आई. शीर्षक कुठल्याही मराठी घरात सकाळी पावणेआठला ऐकू येतं.

युहो कुओस्मानेन हा कोक्कोला गावचा. एलोमध्ये शिकत असताना त्यानं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारणाऱ्या कामगारांवर एक फिल्म केली. २०१०ची त्याची पदवीची फिल्म, ‘चित्रं विकणारे’, ऐन हिवाळ्यात गाडीतून स्वस्तातली चित्रं दारोदार विकत हिंडणाऱ्या माणसांची. कानच्या विद्यार्थी विभागात तिला पहिलं पारितोषिक मिळालं. त्या पारितोषिकासोबत एक वचन मिळतं : तुमचा पहिला मोठा सिनेमा आम्ही इथं दाखवू. वाचायला गोड, पण विशीतिशीतल्या पोराच्या मानेवर असं वचन म्हणजे जूच.

सहा वर्षांनी तो जो सिनेमा घेऊन गेला, तो नेमका अशाच जुवाबद्दल होता. कोक्कोलाचाच बेकरीवाला ओल्ली मॅकी, मुष्टियोद्धा. ऑगस्ट १९६२मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये डेव्ही मूर या अमेरिकन जगज्जेत्याशी त्याची लढत ठरलेली. सगळ्या देशाचं लक्ष, आणि हा गडी राइया नावाच्या मुलीच्या प्रेमात. वजन उतरवायचं तर तो पतंग उडवतो. लढत दुसऱ्याच फेरीत संपते, ओल्ली हरतो, आणि त्याच दिवशी त्यांचा साखरपुडा झालेला असतो. सिनेमाचं परदेशातलं नावच ‘ओल्ली मॅकीच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस’. मूर त्यानंतर वर्षभरही जगला नाही. मार्च १९६३मध्ये एका लढतीनंतर तो गेला. सिनेमा हे सांगत नाही. आपल्याला ठाऊक असलं तर रिंगणातल्या त्या हसऱ्या विजेत्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

आणि शेवटी बंदरावर ते तरुण जोडपं चालत असतं, समोरून एक म्हातारं जोडपं येतं. आपणही पुढं असेच होऊ का, असं काहीतरी राइया विचारते. ते म्हातारे म्हणजे खरे ओल्ली आणि राइया मॅकी. सोळा मिलीमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर ते आपल्याच तारुण्याच्या शेजारून पलीकडे निघून जातात. ओल्लीला तेव्हा विस्मृतीचा आजार होता. एप्रिल २०१९मध्ये तो गेला. आता तो सिनेमा लावला की जिवंत नटाच्या शेजारून मेलेला माणूस बायकोचा हात धरून जातो, आणि त्याच्या चालण्यात काही फरक पडलेला नसतो.

फिनिश व्याकरणात भविष्यकाळ नाही. ‘तुलेन’ म्हणजे मी येतो, आणि ‘तुलेन’ म्हणजेच मी येईन. आज की उद्या, की कधीच नाही, ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. त्या भाषेत तो आणि ती असाही भेद नाही. दोघांना मिळून एकच ‘हॅन’. मला ते लिंगाचं तितकं वाटलं नाही. भविष्यकाळाशिवाय माणसं प्रेमाच्या आणाभाका कशा घेतात याचं नवल वाटलं. मित्राला म्हटलं तर तो म्हणाला, “मग आपण काय करतो? निघताना कोण म्हणतं ‘जातो’? ‘येतो’च म्हणतो ना!” आणि नळस्टॉपच्या सिग्नलला स्कूटर चालू करून, हात वर करून, तो म्हणाला, “येतो.”

ते शेवटचं नव्हतं. त्यानंतरही तो सात-आठ महिने होता. पण मी शेवटचं म्हणून तेच धरून ठेवलं आहे.

२०२१च्या ‘कंपार्टमेंट नंबर ६’मध्ये, तोही कुओस्मानेनचाच, मॉस्कोत शिकणारी लाउरा मुर्मान्स्कच्या गाडीत एकटीच बसते. बरोबर येणारी तिची जिवलग इरिना आलेली नाही. समोरच्या बाकावर दारू ढोसलेला रशियन खाणकामगार. तो विचारतो, तुमच्या भाषेत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ कसं म्हणतात? ती रागानं त्याला एक अस्सल फिनिश शिवी शिकवते. वाटेत तिचा व्हिडिओ कॅमेरा चोरीला जातो, त्यात मॉस्कोतलं ते घर, त्या पार्ट्या, इरिना, सगळं. चोर तिचाच देशबंधू, आपुलकीनं डब्यात जागा दिलेला. फोनवर इरिनाचा आवाज आणखी परका होत जातो. शेवटी त्या कामगाराकडून तिला एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर वेडंवाकडं चित्र आणि खाली तीच शिवी. त्यानं ती प्रेमाचं वाक्य म्हणूनच लिहिलेली आहे, की त्याला खरा अर्थ केव्हाच कळला आहे, हे सिनेमा उघड करत नाही. लाउरा हसते. गेलेला कॅमेरा परत मिळत नाही. मिळायची जरुरीही उरलेली नसते.

गेलेल्याचं काय करायचं हे या लोकांना जरा जास्तच ठाऊक असावं. त्यांचा पहिला कथापटच हरवलेला आहे. ‘सालाविनान्पोल्त्तायात’, चोरून दारू गाळणारे, १९०७ सालचा. रानात दोघं भट्टी लावतात, गिऱ्हाईक येतं, पत्त्यांवरून जुंपते, पोलीस येतात. एवढी गोष्ट उरली, फिल्मचा तुकडाही नाही. आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही रीळ तरी हाती राहिले. शंभरावर वर्षांनी, २०१७मध्ये, कुओस्मानेननं त्या नसलेल्या सिनेमाचा नवा मूकपट केला. तो दाखवताना पडद्याशेजारी बसून वादक वाजवतात, दार आपटल्याचे, बाटली फुटल्याचे आवाज तिथल्या तिथं काढतात. हरवलेला सिनेमा परत आला असं कुणी म्हणत नाही. त्याच्या नावाचं ताट मांडलं, एवढंच. (श्राद्ध हा शब्द मी मुद्दाम टाळतो आहे, त्यात कावळा लागतो, आणि त्यांच्याकडं कावळे मुबलक आहेत पण त्यांना कुणी बोलावत नाही.)

एका माणसाची गोष्ट राहिली. तेमु निक्कीच्या २०२१च्या सिनेमातल्या याक्कोची. एका आजारानं तो आंधळा झाला आहे, चाकाच्या खुर्चीत आहे. पूर्वी सिनेमावेडा होता, घरात सिनेमांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातला ‘टायटॅनिक’ अजून वेष्टनातच आहे. तो पाहायचा नाही अशी त्याची प्रतिज्ञाच होती. दूरच्या गावातल्या सिर्पावर त्याचं प्रेम आहे, ते फक्त फोनवरचं. तिची तब्येत बिघडते आणि तो एकटाच निघतो : दोन टॅक्सी, मधे एक रेल्वे, आणि वाटेत पाच अनोळखी माणसांचा भरवसा. कॅमेरा सबंध वेळ त्याच्या चेहऱ्याशी चिकटून, बाकी जग धूसर. याक्कोचं काम करणारा पेत्री पोइकोलाइनेन खरोखरच त्याच आजारानं दृष्टी गमावलेला नट आहे. जो सिनेमा त्यानं केला तो त्याला पाहता येत नाही.

हा सिनेमा मी मागच्या महिन्यात अर्काइव्हच्या नव्हे, दुसऱ्याच एका छोट्या सभागृहात पाहिला. फिल्म क्लबाचे तीसेक लोक, प्लास्टिकच्या खुर्च्या. सवयीनं शेजारच्या खुर्चीवर शबनम ठेवली होती, मला ते कळलंही नव्हतं. दिवे गेले. पडद्यावर नावं ब्रेल लिपीत उमटू लागली आणि एक आवाज ती वाचू लागला. तेवढ्यात एक मुलगा वाकून, पायांना धक्के देत, रांगेतून आत आला. विद्यार्थी असावा, पाठीवर बॅग होती.

“काका, इथं कुणी आहे?”

“येतोय,” मी म्हणालो.